परसातील तलाव

घरामागील परसात बसवावयाचा फायबरग्लासचा तरणतलाव अंडाकृती असावा की आयताकार, या गहन प्रश्नाने ज्या गृहस्थांची निद्रा हरपली आहे, त्यांच्याविषयी आम्हां घोडपदेवकरांस नितांत आदर वाटतो. (परस म्हणजे काय, हे आमच्या मुलांस चित्र काढून दाखवावे लागते, ही गोष्ट अलाहिदा.) कारखान्यात साच्यावर एकसंध घडविलेले, आतून गुळगुळीत लेप दिलेले हे पात्र क्रेनने उचलून खड्ड्यात अलगद ठेवावयाचे, ८ मीटर लांब, ४ रुंद, दीड खोल, म्हणजे ४८,००० लिटर पाणी, अर्थात आमच्या मोरीतल्या निळ्या पिंपांच्या हिशेबाने अवघी २४०.

परंतु आमचे लक्ष वेधले ते क्षेत्रफळाने: ३४४ चौरस फूट! येथील न्यू हिंद मिलच्या जागेवर गिरणी कामगारांस म्हाडाच्या सोडतीत लाभलेले घर २२५ चौरस फुटांचे. तेव्हा सरकारने यापुढे घरांऐवजी कोरडे तलावच वाटण्याची तजवीज करावी, अशी आमची नम्र दरखास्त आहे. शिवाय ते गळत नाहीत.

आकार मात्र आयताकारच मंजूर व्हावा. अंडाकृतीत गोदरेजचे कपाट भिंतीला लागत नाही.