दोन मिनिटं हां

शहापूर काय नि मुरबाड काय, माणसाची गाडी आणि दुकानाची पायरी यांच्यात अंतर किती, यावरून त्याची पत ठरते. अंतर जितकं कमी तितका माणूस मोठा. ज्याची स्कॉर्पिओ पायरीला टेकून उभी, तो नेता. ज्याच्या गाडीचं पुढचं चाक पायरीवरच चढलेलं, तो नेत्याचा पुतण्या. चार दुकानं सोडून गाडी लावणारा एकतर मास्तर असतो, नाहीतर परगावचा. आणि एसटी स्टँडच्या मागे गाडी लावून छत्री हलवत पायी येणारा जो कोणी असेल, त्याच्याविषयी लोक आवाज खाली आणून बोलतात.

मी राहतो शहापुरात आणि सासुरवाडी मुरबाडची. त्यामुळे दोन्ही बाजारपेठांत अडकण्याचा माझा हक्क पिढीजात नसला तरी कायदेशीर आहे. शहापूरची अडचण अशी की रेल्वे स्टेशन आहे आसनगावला, त्यामुळे लोकल पकडणारा प्रत्येकजण आधी कशात तरी बसून गावाबाहेर पडतो आणि संध्याकाळी कशात तरी बसून परत येतो. मुरबाडची अडचण याहून सोपी: तिथे रेल्वेच नाही. गावात जे काही येतं ते टायरवर येतं. त्यात पावसाळ्यात शनिवार-रविवारी माळशेज घाटातलं धुकं बघायला निघालेली अर्धी ठाणे-कल्याण नगरी मुरबाडवरून जाते. धुकं घाटात असतं, पण पुढचं काही दिसेनासं व्हायला सुरुवात मुरबाडपासूनच होते.

त्यात 5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमने हा शेवटचा टप्पा सुरू झाला. 701 किलोमीटरचा रस्ता आमच्या शहापूर तालुक्यातून गेला. नागपूरचा माणूस आता आठ तासांत आमन्याला पोचतो म्हणतात. पोचो बापडा. त्याने फक्त वाटेत उतरून शहापूरच्या बाजारात खोबरेल तेलाची बाटली घ्यायचा मोह धरू नये. आठाचे नऊ कधी झाले ते कळायचंही नाही.

या बाजारपेठांचं गणित मी एकदा कागदावर मांडून पाहिलं. समजा रस्ता नऊ मीटर रुंद. दोन्ही बाजूंना एकेक गाडी उभी, आरशासकट दोन-दोन मीटर धरा. त्यातही कोणी भिंतीला चिकटून लावत नाही, कारण चिकटून लावली तर डावीकडून मामी उतरणार कशी? म्हणजे अडीच-अडीच. मधे उरले चार. एसटी अडीच मीटरची. एक एसटी जाईल. समोरून दुसरी आली तर? कागदावर इथे उत्तर ऋण येतं. रस्त्यावर मात्र उत्तर काढणारी माणसं असतात.

हा प्रसंग बघण्यासारखा असतो. दोन एसट्या नाकाला नाक लावून उभ्या राहतात. कंडक्टर खाली उतरतात. पानाच्या टपरीवरून एक माणूस पुढे येतो. हा माणूस प्रत्येक गावात असतो. त्याला कोणी नेमलेलं नसतं, त्याला घाई नसते, आणि त्याला गाडी चालवता येत नाही. तो दोन्ही हात वर करतो नि म्हणतो, "येऊ दे." एसटी इंचभर येते. "येऊ दे, येऊ दे." एक पोरगा धावत जाऊन उभ्या असलेल्या मोटारीचा आरसा दुमडतो. दुसरा कोणाची तरी बुलेट मागून उचलून बाजूला सरकवतो, आणि तिचा मालक दुकानातून "हँडल लॉक हाय रे!" असं ओरडतो, पण बाहेर येत नाही. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस बस बस!" एसटीचा पत्रा आणि मोटारीचं दार यांच्यामधून आता फक्त वर्तमानपत्राची घडी जाईल. सगळी बाजारपेठ श्वास रोखून असते. एसटी सुटते. टाळ्या वाजायच्याच बाकी राहतात. पान लावणारा म्हणतो, "डायवर भारी हाय." ज्याची मोटार मुळात तिथे नको होती, त्याच्याबद्दल अवाक्षर निघत नाही. गुन्हेगाराची चौकशी न करता थेट नायकाचा सत्कार करण्याची आमची ही पद्धत जुनी आहे.

लग्नसराईत तर बोलूच नका. आमच्याकडे बस्ता बांधायचा म्हणजे एक इको, एक पिकअप आणि हौसेपोटी आलेल्या तीन मोटारसायकली कापडदुकानासमोर सकाळी लागतात, त्या दिवेलागणीलाच हलतात. इकोत नवरीचा मामेभाऊ सीट आडवी करून, पाय खिडकीबाहेर काढून झोपलेला असतो. मागे रांग लागली की कंडक्टर खिडकीवर थाप मारतो.

"ओ पाहुणे, गाडी घ्या पुढं."

पाहुणे एक डोळा उघडतात. "दोन मिनिटं हां दादा. आतमधी नवरीचा शालू चाललाय."

शालू म्हटल्यावर कंडक्टरचा आवाज उतरतो. त्याच्याही घरी पोरगी असते. मागच्या टेम्पोवाल्याला तो स्वतःच समजावतो, "शालू चाललाय." टेम्पोवाला मागच्या रिक्षाला सांगतो. असा शालूचा निरोप पार नाक्यापर्यंत पोचतो आणि एका अनोळखी मुलीच्या लग्नासाठी सगळी वाहतूक समजूतदारपणे थांबून राहते. मोटार वाहन कायद्याच्या 122 व्या कलमात, सार्वजनिक जागी इतरांना अडथळा होईल अशी गाडी उभी ठेवू नये असं लिहिलंय. हे कलम 1988 साली लिहिणाऱ्यांपैकी कोणी शहापुरात बस्ता बांधला नसावा.

गाडी उभी करायला जागा तरी लागते किती? नगररचनावाले एका मोटारीला, आत-बाहेर करायच्या वाटेसकट, 23 चौरस मीटर धरतात. प्रधानमंत्री आवास योजनेत गावातल्या माणसाला जे घरकुल मिळतं ते किमान 25 चौरस मीटरचं. आधीच्या इंदिरा आवासमध्ये ते 20 होतं. म्हणजे इंदिरा आवासातल्या कुटुंबापेक्षा मोटारीचा संसार ऐसपैस, आणि तोही भर बाजारपेठेत, रस्त्याला लागून. घरकुलासाठी यादीत नाव लागतं, ग्रामसभा लागते, हप्त्यागणिक फोटो लागतात. मोटारीला फक्त हँडब्रेक लागतो.

डोनल्ड शूप नावाचे एक अमेरिकन प्राध्यापक होते. 2025 च्या फेब्रुवारीत गेले. सगळी हयात त्यांनी पार्किंगवर विचार करण्यात घालवली आणि 2005 साली फुकट पार्किंग किती महाग पडतं यावर सातशेहून अधिक पानांचं पुस्तक लिहिलं. मोटार 95 टक्के वेळ नुसती उभी असते, असं ते सांगत. त्यांचा उपाय असा की रस्त्यावरच्या जागेला भाडं लावा, आणि भाडं इतकं ठेवा की एखाददोन जागा कायम रिकाम्या राहतील. पट्टीचं डोकं. पण मुरबाडच्या बाजारात रिकामी जागा राहिलीच, तर तिथे रात्रीतून रसवंती उभी राहील, हे त्यांना सांगायला कोणी नव्हतं.

भाड्याची कल्पना तशी जुनीच. 1935 च्या जुलैत ओक्लाहोमा सिटीत जगातलं पहिलं पार्किंग मीटर बसलं, तासाला पाच सेंट. त्याच्याही आधी, दोन हजार वर्षांपूर्वी, ज्युलियस सीझरने रोममध्ये दिवसा गाड्या आणायलाच बंदी केली होती. मग गाड्या रात्री येऊ लागल्या आणि रोमची झोप उडाली. जपानने मात्र मुळावर घाव घातला. 1962 च्या कायद्याने तिथे मोटार घ्यायची तर ती ठेवायची जागा आधी दाखवावी लागते, आणि पोलीस ती जागा बघतात. आपल्याकडेही 2025 च्या मे महिन्यात परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी, पार्किंगच्या जागेचं प्रमाणपत्र नसेल तर गाडीची नोंदणी नको, असा विचार बोलून दाखवला. सासरेबुवांनी ती बातमी मोठ्याने वाचली आणि चष्मा काढून म्हणाले, "सोप्पं हाय. आपला सामाईक सातबारा हाय ना."

त्यांच्या त्या एका गुंठ्यावर चौदा वारसांची नावं आहेत. चौदाजण चौदा गाड्यांसाठी तोच गुंठा दाखवणार. त्यात चुलत्यांची केस कोर्टात, म्हणजे प्रत्यक्षात तिथे सायकलही लावता येत नाही. जपानी पोलीस जरूर यावेत मुरबाडात. तलाठी कार्यालयातून हसतखेळत बाहेर पडले तर मानू.

सम-विषमचा उपायही सगळ्यांना तोंडपाठ असतो. सम तारखेला या बाजूला, विषमला त्या बाजूला. शहरांत चालतो म्हणे. यातली मेख अशी की 31 तारीख विषम आणि पुढची 1 तारीखही विषम. म्हणजे वर्षातून सात वेळा एकाच बाजूच्या दुकानदारांवर लागोपाठ दोन दिवस गाड्यांचा मुक्काम. आमच्या दुकानदारांच्या हे एका फटक्यात लक्षात येतं. "आमच्याच अंगणात का दोन दिस? काय घोडं मारलंय आमी?" गंमत म्हणजे इतर दिवशी गाड्या समोर नसल्या तर धंदा बुडतो, अशी तक्रार करणारेही हेच.

दुकानदारांचा हा धंदा बुडण्याचा धसका खरा आहे, पण तपासून बघण्यासारखा आहे. 2006 मध्ये ब्रिस्टलमधल्या दुकानदारांना विचारलं, तुमची किती गिऱ्हाइकं मोटारीने येतात? ते म्हणाले, शंभरात 41. गिऱ्हाइकांनाच विचारलं तेव्हा निघाली 22. आमच्याकडे कोणी मोजलेलं नाही, पण दुकानात जरा उभं राहून बघा. युरियाची गोणी न्यायला येणारा किन्हवलीचा शेतकरी एसटीने येतो आणि टेम्पोने जातो. ब्लाउजपीस घ्यायला आलेल्या बायका शेअर रिक्षातून उतरतात. मग दुकानासमोर शटर उघडल्यापासून शटर पडेपर्यंत उभी असलेली ती पांढरी मोटार कोणाची? शेठची. पलीकडची? शेठच्या भावाची. गिऱ्हाइकासाठी पार्किंग हवं म्हणून जो सगळ्यात मोठ्याने बोलतो, त्याच्याच गाडीने गिऱ्हाइकाची जागा अडवलेली असते. रस्त्यावरचं पार्किंग काढायचंच असेल, आणि माझ्या मते काढायलाच हवं, तर पहिली हीच गाडी काढावी. तेवढ्याने एसटीला निम्मा रस्ता मिळेल.

पण काढायची वेळ आली की आधी काढलं काय जातं? मोहीम कोणत्याही गावातली असो, पहिली उचलली जाते ती टोपली. मोटार टनभराची, टोपली पाच किलोची. उचलणारा हुशार असतो. जूनच्या सुरुवातीला डोळखांब-टोकावड्याकडच्या ठाकूर-कातकरी बाया शेवळं घेऊन येतात. सोबत काकडंही असतात, कारण काकडांशिवाय शेवळं घशाला खाजतात. पुढे कंटोली, टाकळा, फोडशी. दीड हात जागेत त्या बसतात. एक आजीबाई नेहमी एकाच खांबाशी असतात. एकदा त्यांच्या पुढ्यात एक मोठी गाडी मागे-मागे येत होती. आजीबाई टोपलीवर हात आडवा धरून म्हणाल्या, "ए दादा, नजर हाय का? तुझी गाडी कुठं बी उभी ऱ्हाईल, माझी शेवळं आजच्या आजच इकली पायजेत." एवढ्या मुद्देसूद शब्दांत पार्किंगचं धोरण मी सरकारी कागदात वाचलेलं नाही. विकणाऱ्यांना संरक्षण देणारा पथविक्रेता कायदा 2014 सालचा आहे. उभ्या मोटारीला रस्त्यावर हक्क देणारा कायदा मला तरी सापडलेला नाही. तरी टोपली सरकते आणि मोटार राहते.

वाईट वाटतं ते एवढ्यासाठी की आम्हाला हे जमत नाही असं नाही. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातच म्हशाची जत्रा भरते. बैलांचा मोठा बाजार, घोंगड्यांची दुकानं, तोबा गर्दी. तिथे बैल दावणीला बांधलेले, रांगेत. मधे माणसांना वाट. बैल आपली दावण सोडून जिलबीच्या दुकानासमोर आडवा उभा राहिलेला मी पाहिला नाही. त्याच बैलांचा मालक परतताना बाजारात पिकअप आडवी लावतो. बैलाला वळण आहे, मालकाला पत आहे.

म्हणून मी स्वतःपुरता निश्चय केला. गाडी घरी ठेवायची आणि बाजारात पायी जायचं. पहिल्याच दिवशी किराणा दुकानदाराने विचारलं, "गाडी गॅरेजला?" म्हटलं, नाही. त्याने वहीत काहीतरी लिहिलं, माझी उधारी असावी. दुसऱ्याने विचारलं, "विकली?" तिसऱ्याने काही विचारलंच नाही. नुसतं खांद्यावर हात ठेवून "होतं सगळं नीट" म्हणाला. बँकेने गाडी ओढून नेली, ही बातमी मी घरी पोचायच्या आत घरी पोचली होती. संध्याकाळी मुरबाडहून फोन आला.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "पैशाअडक्याची काही अडचण असली तर संकोच करू नका."

"अहो, अडचण काही नाही. रस्त्यावर गर्दी होते म्हणून चालत जातो."

पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग फोन तसाच धरून त्यांनी सासूबाईंना हाक मारली, "अगं, पैशाचं नाय. डॉक्टरनं चालायला सांगितलंय. साखर निघाली वाटतं!"

दुसऱ्या दिवशी मेव्हणा कारल्यांची पिशवी घेऊन आला. मी बाजारातच भेटलो. त्याने भर रस्त्यात ब्रेक मारला, काच खाली केली आणि पिशवी माझ्या हातात देऊन साखरेवर गुळवेल कशी घ्यायची ते सविस्तर सांगायला लागला. मागे एसटी होती. ड्रायव्हरने हॉर्न दिला तसा मेव्हण्याने हात बाहेर काढून पाच बोटं दाखवली आणि म्हणाला, "दोन मिनिटं हां, पेशंट हाय."