धारकास व एका बायकोस प्रवेश

विनोदवीराचा एक विनोद बायकोवर असायचाच. अमेरिकेतल्या युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीच्या दौऱ्यावर निघालेल्याचा मात्र बायकांवर असतो. अनेकवचनी.

आर्टिमस वॉर्ड या नावाने अमेरिकेला हसवणाऱ्या चार्ल्स फॅरर ब्राउनने तर गावाचे तोंडही न पाहता हा विनोद उरकून घेतला होता. त्या गावच्या, तेव्हा बहुपत्नीत्व मानणाऱ्या मॉर्मन पंथाचा प्रमुख ब्रिगहॅम यंग याच्या घरी आपण जाऊन आलो, अशी लोणकढी थाप मारून त्याने त्या घरच्या जनानखान्याचे साग्रसंगीत वर्णन छापले. वॉर्ड ही असामी साधी नव्हती. २२ सप्टेंबर १८६२ रोजी गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा मंत्रिमंडळापुढे ठेवण्याआधी राष्ट्राध्यक्ष लिंकनने त्याचा एक लेख वाचून दाखवला होता.

१८६४ च्या हिवाळ्यात वॉर्ड खरोखरच सॉल्ट लेकला पोहोचला, आणि पोहोचताच तापाने आडवा झाला. ज्यांची यथेच्छ टिंगल केली, त्यांच्याच गावात, त्यांच्याच हातचे पथ्यपाणी घेत पडून राहायचे, यापेक्षा अवघड प्रयोग कुठल्या नटाच्या वाट्याला आला नसेल. मॉर्मनांनी त्याची मनापासून सेवा केली. बरा झाल्यावर खुद्द यंग त्याला सभ्यपणे भेटला, आणि फेब्रुवारीत चर्चच्याच सॉल्ट लेक थिएटरमध्ये त्याचा प्रयोग लागला.

गावात रोकड कमी, त्यामुळे तिकीटखिडकीवर जिन्नसही चालत. त्या रात्रीच्या गल्ल्याची जी यादी वॉर्डने तिखटमीठ लावून छापली, तिच्यात वीस बुशेल गहू, हॅमचे दोन तुकडे, सॉसेजच्या सोळा माळा, पोळ्यासकट मध, लोणी काढायचे एक यंत्र आणि एक जिवंत डुक्कर आहे. ते डुक्कर वॉर्डचा व्यवस्थापक हिंग्स्टन याने खिडकीतच साखळीने बांधून ठेवले म्हणे. एकाने तिकिटापोटी कुत्रा पुढे केला, तो मात्र परत पाठवला. आपल्याकडे याला बलुते म्हणतात.

एवढा पाहुणचार झोडून वॉर्ड परतला आणि त्याने मॉर्मनांवरच कार्यक्रम बसवला. निमंत्रणपत्रिकेवर मजकूर होता: धारकास व एका बायकोस प्रवेश. चेहऱ्यावरची रेषही न हलवता तो बोलायचा आणि न्यूयॉर्क, मग लंडन, लोटपोट व्हायचे. लंडनचे प्रयोग ऐन भरात असतानाच क्षयाने त्याला गाठले. ६ मार्च १८६७ रोजी तो गेला, तेव्हा जेमतेम बत्तीस वर्षांचा होता.

चर्चने बहुपत्नीत्व १८९० साली अधिकृतपणे सोडले. विनोदवीरांनी अजून सोडलेले नाही.

खरे तर आजच्या युटात त्यांच्यासाठी ताजा माल पडलेला आहे. मॉर्मनांच्या १८३३ च्या धर्माज्ञेप्रमाणे दारू, तंबाखू आणि ‘गरम पेये’ वर्ज्य. गरम पेये म्हणजे चहा आणि कॉफी. गरमागरम कोको चालतो. चहाच नाही म्हटल्यावर मराठी माणसाने धर्मांतराचा विचार तिथेच सोडावा. पण माणसाला काहीतरी व्यसन लागतेच. तिथे गाडीत बसल्याबसल्या कोला घेण्यासाठी रांगा लागतात. त्यात नारळाचे सिरप, साय आणि लिंबू घालतात, आणि त्याला ‘डर्टी सोडा’ म्हणतात. अशा सोड्याच्या दोन साखळी दुकानांत तर २०१५ साली नावावरून कोर्टबाजी झाली. २०१७ चा कायदा येईपर्यंत अनेक हॉटेलांत दारू सात फुटी आडोशामागे ओतावी लागे. गिऱ्हाइकाने प्यायला हरकत नव्हती, ओतताना पाहायची नव्हती.

टवाळीला सॉल्ट लेक आता सरावले आहे. ‘द बुक ऑफ मॉर्मन’ हे मॉर्मनांची भरपूर खिल्ली उडवणारे संगीत नाटक २०११ साली ब्रॉडवेवर आले. चर्चने मोर्चा काढला नाही, नाटक बंद पाडले नाही. पुढे दौऱ्यातल्या प्रयोगांच्या माहितीपुस्तिकेत स्वतःची जाहिरात दिली. नाटक पाहिलेत, आता मूळ ग्रंथ वाचा, असा तिचा आशय. २०१५ मध्ये ते सॉल्ट लेकला आले आणि हाऊसफुल्ल गेले.

आणि तो जुना अनेकवचनी विनोद? ‘पॉलिगमी पोर्टर’ या नावाची बिअर युटातल्याच एका कंपनीने काढली; पॉलिगमी म्हणजे बहुपत्नीत्व. एकीवरच का थांबता, असे तिची जाहिरात विचारते. तेव्हा दौऱ्यावर निघणाऱ्यांनी सामानात नवा विनोद घ्यावा. जुना तिथे बाटलीत मिळतो.