विनाप्रमाणक घोरणं

३१ वर्षं मी सरकारी लेखापरीक्षक होतो. या नोकरीत माणूस एकच गोष्ट शिकतो: ज्याचा कागद नाही, ते घडलेलंच नाही. त्यामुळे 'तुम्ही घोरता' हा हिने लग्नानंतर आठवडाभरातच नोंदवलेला आक्षेप मी वर्षानुवर्षं 'पुराव्याअभावी अमान्य' असा शेरा मारून परत पाठवत आलो. ज्या व्यवहाराला मी शुद्धीवर हजरच नव्हतो, त्यावर सही कशी करायची?

हिच्या बाजूचे साक्षीदार मात्र वाढत गेले. एकदा तुतारी एक्सप्रेसने कोकणात निघालो होतो. दादर सुटलं तेव्हा समोरच्या बर्थवर एक गृहस्थ होते. पनवेल यायच्या आत ते उशी-चादर काखेत मारून दुसऱ्या डब्यात गेले ते गेलेच. सकाळी ही म्हणाली, "अहो, गाडीचं नाव केशवसुतांच्या कवितेवरून ठेवलंय. तुमच्यावर साथ द्यायची जबाबदारी नव्हती."

मग हिने मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं. मी ते शांतपणे ऐकलं आणि आवाज सोसायटीच्या पाण्याच्या पंपाचा असल्याचा अभिप्राय दिला. पंप दोन महिने बंद असल्याचं हिने सेक्रेटरींकडून लेखी आणलं. बायकोला ऑफिसातल्या गोष्टी घरी सांगू नयेत, त्या अशा उलटतात.

खरी पंचाईत दिवसाची होती. सोसायटीच्या सभेत, लग्नाच्या पंगतीआधी, एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीत माझी मान कलायची. कोणी हलवलं की मी म्हणायचो, "झोपलो नव्हतो, डोळे मिटून ऐकत होतो." पण एका लाल सिग्नलला स्टीअरिंगवर डोळा लागला आणि मागच्या रिक्षावाल्याने माझ्या तीन पिढ्यांची विचारपूस केली, तेव्हा शेजारी मुलगी बसलेली होती. तिने त्याच आठवड्यात माझी झोप तपासायची तारीख घेतली.

डॉक्टरीणबाईंनी आधी एक फॉर्म दिला. मेलबर्नच्या मरे जॉन्स या डॉक्टरांनी १९९१ साली तयार केलेला, आठ प्रश्नांचा. टीव्ही बघताना पेंग येते का, वाचताना येते का, जेवून शांत बसल्यावर, गाडी ट्रॅफिकमध्ये थांबल्यावर? प्रत्येकाला ० ते ३ गुण. एकूण २४ आणि १० च्या वर गेलात तर दिवसाची झोप जरा जास्तच आहे असं समजायचं. मी प्रामाणिकपणे ६ भरले. हिने फॉर्म ओढून घेतला, खोडाखोड केली, शेजारी आद्याक्षरी घातली आणि बेरीज १७ वर नेली.

मग ती रात्र. डोक्याला चिकट मलमाने तारा, डोळ्यांच्या कडेला तारा, हनुवटीला, पोटऱ्यांना, छातीवर-पोटावर पट्टे, नाकात नळी, बोटाला लाल दिव्याचा चिमटा. दिवाळीत सोसायटीच्या गेटवर माळा सोडतात तसा दिसत होतो. शेजारच्या खोलीतून तंत्रज्ञ मुलगा स्पीकरवर बोलू लागला. "काका, डोळे उजवीकडे न्या. आता डावीकडे. पाच वेळा पापण्या मिटा. दात आवळा. उजवा पाय हलवा." नोकरीत इतके हुकूम मी एका दमात कधी पाळले नव्हते. शेवटी म्हणाला, "छान. आता नेहमीसारखे झोपा."

नेहमीसारखे! जागा बदलली की झोप लागत नाही, हे माझी आजी पाहुणचाराच्या प्रत्येक मुक्कामी सांगायची. या प्रयोगशाळांनीही ते मान्य केलंय. पहिल्या रात्री माणूस तिथे नेहमीपेक्षा वाईट झोपतो, हे ते गृहीतच धरतात. तरी माझ्या पापणीला पापणी लागली आणि मला आयुष्यात पहिल्यांदा झोपेचा कागद मिळाला.

तो वाचताना कळलं की झोप ही एकरकमी जमा होत नाही, हप्त्यांत येते. पहिली पायरी म्हणजे आपली पेंग, काही मिनिटांची. या पायरीवरून उठवलेला माणूस बरेचदा 'मी झोपलोच नव्हतो' म्हणतो आणि तो खोटं बोलत नसतो; त्याला खरंच तसं वाटतं. हे वाक्य मी डॉक्टरीणबाईंना हिच्यादेखत दोनदा म्हणायला लावलं. दुसरी पायरी डोळा लागण्याची. रात्रीचा जवळजवळ निम्मा वेळ तिथेच जातो. तिसरी डाराडूर. मेंदूच्या लाटा संथ, उठवलं तर माणूस आपलं नावही चाचपडत सांगतो. आणि मग चौथी गंमत, मिटल्या पापण्यांआड डोळे भराभर फिरतात ती, स्वप्नांची, रेम. असं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं, रात्रीत चार-पाच वेळा. रात्रीच्या सुरुवातीला डाराडूर जास्त, पहाटेकडे रेम लांबत जाते. म्हणजे पहाटेची साखरझोप आपल्या आज्या-पणज्यांनी तारा न लावता टिपून ठेवली होती. पहाटेची स्वप्नं खरी होतात की नाही देव जाणे, पण पडतात जास्त.

ही रेम ज्याने प्रथम पाहिली, तो आपल्यातला माणूस वाटतो. शिकागोचा विद्यार्थी युजीन ॲसेरिन्स्की. त्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ तारा लावल्या आणि एका जुनाट यंत्रावर रेघोट्या बघत बसला. मध्यरात्री सुया वेड्यासारख्या नाचू लागल्या. त्याला आधी वाटलं, यंत्रच बिघडलंय. मग वाटलं, पोरगं जागं असेल. आत जाऊन बघतो तर पोरगं गाढ झोपेत. १९५३ साली त्याने नथॅनिएल क्लाइटमन या आपल्या गुरूंबरोबर ते छापलं. मुद्दा असा, की तिथेही झोप एकाची आणि साक्ष दुसऱ्याची.

रेममध्ये हातापायांचे स्नायू ढिले, जवळपास लुळेच पडतात, नाहीतर स्वप्नात पोहणारा माणूस पलंगावर हात मारू लागेल. कधी मन आधी जागं होतं आणि शरीर मागे राहतं. मग छातीवर कोणीतरी बसल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी नारळ फुटतो. माझा मावसभाऊ आजोळी रात्री अकराला उठून विहिरीवर जायचा आणि रिकामी कळशी घेऊन परत येऊन झोपायचा. तो स्वप्नात पाणी भरतो, असं सगळे म्हणत. स्वप्नाच्या झोपेत असता तर त्याला उठताच आलं नसतं! झोपेत चालणं होतं ते बहुधा रात्रीच्या पूर्वार्धात, डाराडूर पायरीवर. मावशी त्याच्या पायाला दोरी बांधून दुसरं टोक आपल्या मनगटाला बांधायची. आजचे डॉक्टर दोरी सांगत नाहीत, पण दाराला कडी घाला, एवढं सांगतातच.

आता माझा मुख्य परिच्छेद. झोपेत घशाचे स्नायू ढिले पडतात, जीभ मागे सरते, वाट अरुंद होते. हवा फडफडत जाते ते घोरणं आणि वाट मिटलीच तर श्वास थांबतो. १० सेकंद किंवा जास्त थांबला तर नोंद होते. वाट पुरती न मिटता नुसती चिंचोळी झाली तरी वेगळी नोंद. तासाला अशा ५ नोंदींपर्यंत माफी, ३० च्या वर गंभीर. माझ्या नोंदी ३४. प्राणवायू उतरला की मेंदू धक्का देऊन क्षणभर उठवतो, पठ्ठ्या घुर्रकन श्वास घेतो, पुन्हा झोपतो आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. मी मनात गुणाकार केला: सहा तासांत २०४ वेळा. म्हणजे मी रात्रभर पडून असायचो, झोपायचो मात्र किरकोळीत.

"आणि त्या प्रत्येक वेळी मी श्वास परत येईपर्यंत जागी असायचे," ही म्हणाली. हा मुद्दा माझ्या कागदात नव्हता. त्यावर मी काही शेरा मारला नाही.

आता उशाशी यंत्र आलंय. नाकावर मुखवटा, त्यातून दाबाने हवा, म्हणजे घशाची वाट उघडी राहते. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी १९८१ साली ही युक्ती जगापुढे मांडली. सुरुवातीच्या यंत्रांना व्हॅक्यूम क्लीनरची मोटर होती. हे ऐकून ही म्हणाली, "घर झाडायला कधी हातात धरला नाहीत, शेवटी नाकाला लावून घ्यावा लागला."

यंत्र रोजचा हिशेब मोबाइलवर पाठवतं. मोबाइल अर्थातच हिचा. सकाळी चहाबरोबर वाचन होतं. "नोंदी ३. दोन वाजून दहा मिनिटांनी मुखवटा काढलात, वीस मिनिटांनी लावलात. कारण?" मी लेखी खुलासा देतो.

त्या वीस मिनिटांचं खरं कारण मात्र वेगळं होतं. घर इतकं शांत झालं होतं, की त्या शांततेत मला पलंगाच्या दुसऱ्या बाजूने एक बारीक, पण ठाम आवाज ऐकू आला. तालात, मध्येच शिट्टी. मी मुखवटा काढून नीट कान देऊन ऐकलं. पंप बंद होता. सकाळी चहा पुढे आल्यावर मी शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणालो, "अगं, काल रात्री तू घोरत होतीस."

हिने मोबाइल बाजूला ठेवला, चष्मा कपाळावर चढवला.

"कागद आहे?"