निम्मं तिकीट, पुरा पाऊस

कोल्हापूरहून गगनबावड्याला जाणाऱ्या एसटीत पुरं तिकीट काढणारा माणूस शोधावा लागतो. बायकांना निम्मं. पासष्टी ओलांडलेल्या पुरुषांना निम्मं. पंचाहत्तरीच्या पुढे फुकट. बारावीपर्यंतच्या मुलींचा पास फुकट, पोरांचा पास तिसऱ्या हिश्श्यात. पाच ते बारा वर्षांची पोरं मुळातच अर्धी. आमदार फुकट, अधिस्वीकृतीधारक पत्रकार फुकट. मग उरला कोण? हातापायानं धड, पासष्टीच्या आतला, एकही पुरस्कार न मिळालेला आणि निवडणुकीला कधी उभा न राहिलेला पुरुष. म्हणजे मी.

"कुठवर?" मास्तरांनी विचारलं. आमच्याकडे कंडक्टरला मास्तरच म्हणतात.

"गगनबावडा."

मास्तरांनी मला वरून खाली नीट पाहिलं. पिकलेला एखादा केस, हातात काठी, काही सापडतंय का ते बघितलं. मग नाडी बघून झाल्यावर वैद्यानं सांगावं तसं हळूच म्हणाले, "म्हंजे पुरं."

शेजारच्या आक्कांनी माझ्या हातातली नोट पाहिली, आपल्या हातातलं तिकीट पाहिलं आणि खिडकीकडे सरकून मला थोडी जास्त जागा दिली. जो जास्त पैसे भरतो त्याला बसायला जरा ऐसपैस मिळावं, हा त्यांचा न्याय.

पुढच्या बाकावर खरी लढाई जुंपली होती. तिथल्या मावशी साठी-सत्तरीच्या मधल्या. त्यांचा हिशेब सरळ होता.

"मास्तर, मी बाई हाय न्हवं?"

"हाय की."

"मग निम्मं. आन मला पासष्ट बी सरली. त्येचं निम्मं येगळं. निम्मं आन निम्मं, किती झालं?"

मास्तर थबकले. गाडीतल्या प्रत्येकानं मनातल्या मनात बेरीज केली आणि ती मावशींच्याच बाजूची आली.

"मावशी, एकच निम्मं मिळतंय. कुठलं बी घ्या."

"मग वयाचं द्या," मावशी म्हणाल्या. "बाईचं काय, सगळ्या बायांस्नी मिळतंय. वय मी सोता काढलंय."

मशीनवर मास्तरांनी काय दाबलं ते मला दिसलं नाही. पैसे तेवढेच लागले, पण मावशींच्या चेहऱ्यावर वजाबाकी दुप्पट झाल्याचं समाधान होतं.

यातल्या दोन सवलती तशा अलीकडच्या. पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास २६ ऑगस्ट २०२२ पासून, 'अमृत ज्येष्ठ नागरिक' या नावाने. महिलांना निम्मं तिकीट १७ मार्च २०२३ पासून. या दोन तारखांनी गावागावांतली माणसं घराबाहेर काढली. आधी "कोल्हापूरला जायचंय" म्हटलं की घरातून "कशाला?" असा प्रश्न यायचा. आता "निम्म्यात जाऊन येते" एवढं म्हटलं की तो प्रश्नही निम्म्यावर येतो. नणंदेकडे, सीपीआर दवाखान्यात, अंबाबाईला, नाहीतर नुसतंच महाद्वार रोडला बांगड्या बघायला. वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या खासगी जीपवाल्यांना विचारा, बाया कुठे गेल्या म्हणून. वडापमध्ये सवलत एकच: ड्रायव्हरच्या उजव्या बाजूलाही एक माणूस बसू शकतो.

मागच्या बाकावरचे आजोबा फुकटातले होते, आणि त्यांचं भांडण उलटं. त्यांना तिकीटच नको होतं.

"फुकट हाय तर कागुद कशापायी? खिशात आधीच लई कागदं झाल्यात."

"आजोबा, घ्या," मास्तर म्हणाले. "ह्यो कागुद निघाला तरच सरकार आमच्या महामंडळाला तुमचं पैसं देतंय."

हे खरं आहे. सवलत देते सरकार, प्रवास देते एसटी, आणि सरकारकडून त्याची भरपाई यायची तर मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट निघावंच लागतं. आजोबांनी ते शून्य लांब धरून वाचलं.

"म्हंजे माझं तिकीट सरकारनं काढलंय?"

"व्हय."

"मग सरकारच्या मानसाला खिडकी द्या की," असं म्हणून त्यांनी शेजारच्या पोराला उठवलं.

पण शून्यापर्यंत पोचायचं तर आधार कार्डासारखं ओळखपत्र लागतं, आणि आधार कार्डावरची जन्मतारीख हा आपल्या ग्रामीण महाराष्ट्रातला मोठा विनोद आहे. त्या पिढीतली अर्धी माणसं १ जूनला जन्मलेली आहेत. शाळा जूनमध्ये उघडायची. गुरुजी पोराला समोर उभं करायचे, उंचीवरून साल ठरवायचे आणि तारखेच्या रकान्यात १ जून ठोकायचे. आता गंमत बघा. एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली तीही १ जून १९४८ ला. म्हणजे गाडी आणि गाडीतली माणसं यांचा वाढदिवस एकच. १ जून १९५० वाले सगळे २०२५ च्या १ जूनला एकदम फुकटात जमा झाले.

त्यातही काहींवर अन्याय झालाच. आमच्या गाडीतल्या एका पाव्हण्यांचं कागदावर अजून एक वर्ष बाकी होतं. "गुरुजींनी माझं एक साल कमी लावलं," ते सांगत होते. "म्हणाले, नोकरीत एक साल जादा मिळंल." थोडा वेळ थांबून म्हणाले, "नोकरी लागलीच न्हाई."

जानेवारी २०२५ मध्ये एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. माझ्या खिशाला ते पुरं कळलं. मावशींना निम्मं कळलं. आजोबांना कळलंच नाही, कारण शून्याचे १४.९५ टक्के शून्यच होतात. भाडेवाढीच्या विरोधात आंदोलन करायचं तर माझ्यासारखे कितीजण जमतील, याचा मी बालिंग्याच्या पुलावर हिशेब केला. गाडीतून तिघे निघाले, आणि त्यातले एक ड्रायव्हर.

सवलतीला हद्द असते, हेही याच गाडीत कळतं. निम्मं तिकीट महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत. गोव्याच्या गाडीत बसलेली बाई सीमेपर्यंत निम्मी असते आणि पलीकडे गेली की पुरी होते, बाक न बदलता. एका आक्कांची बहीण निपाणीला दिलेली. तिकडं जून २०२३ पासून कर्नाटकच्या साध्या गाडीत बायकांना पुरता फुकट प्रवास, तिथला पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवलं की झालं. "तिला आई-बानं तिकडं दिली तवा मी रडली होती," आक्का म्हणाल्या. "आता मलाच तिकडं द्यायला पायजे हुतं."

आणि शहर आलं की सवलत संपते. एसटीचा कागद केएमटीत चालत नाही. ती महापालिकेची, तिचे पास वेगळे. गगनबावड्याहून पन्नासहून जास्त किलोमीटर शून्य रुपयात आलेले एखादे आजोबा पुढच्या दोन किलोमीटरला रिक्षावाल्याशी दहा मिनिटं घासाघीस करतात. आधार कार्ड दाखवूनही बघतात. रिक्षावाला तेही वाचतो, "एक जून व्हय?" म्हणतो, आणि मीटरकडे बोट दाखवतो. मग आजोबा गंगावेशीतून चालत निघतात.

माझ्यासारख्या पुऱ्यासाठीही एसटीकडे एक दार उघडं आहे: 'आवडेल तेथे प्रवास'. १९८८ पासूनची योजना. चार किंवा सात दिवसांचा पास काढायचा आणि हवं तिथं फिरायचं. आवडेल तेथे म्हणजे कोणाला आवडेल तेथे, हे मात्र घरात ठरतं.

मांडुकली आली तसा पाऊस आला. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस गगनबावड्याला. कुंभी नदीचं पाणी मांडुकलीत रस्त्यावर आलं की हा मार्गच बंद होतो, तिथं निम्मेवाले आणि पुरेवाले सारखेच उतरतात. त्या दिवशी रस्ता मोकळा होता. गाडीत मात्र प्रत्येकाची छत्री दुसऱ्याच्या पायावर ठिबकत होती, आणि दुसरा तिसऱ्याकडे बघत होता.

गगनबावडा हा लोकसंख्येनं जिल्ह्यातला सगळ्यात लहान तालुका. २०११ च्या जनगणनेत पस्तीस हजारांच्या आसपास. तरी एसटीचं स्वतःचं आगार आहे. वर गगनगड, गडावर गगनगिरी महाराजांचा मठ. खाली उतरायला करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट. रेल्वेचं म्हणाल तर कोल्हापूर-वैभववाडी मार्गाची घोषणा २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात झाली. तेव्हापासून ती गाडी कागदावरून धावते आहे, आणि त्या प्रवासात सगळ्यांनाच शंभर टक्के सवलत आहे. हा मुलूख 'आज्ञापत्र' लिहिणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांच्या जहागिरीचा. राज्य कसं चालवावं हे त्यांनी लिहून ठेवलं, पण एका माणसाला दोन निम्मी द्यावीत की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे आला नसावा.

तुम्ही जाणार असाल तर पावसाळ्यात जा. निघण्याआधी मांडुकलीला पाणी आहे का ते विचारा, आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, आणि उतरल्या उतरल्या परतीची शेवटची गाडी किती वाजता ते स्टँडवर विचारून घ्या. पुरं तिकीटवाल्यांनाही त्या गाडीत जागा मिळते. निम्मेवाले आधी चढलेले असतात, एवढंच.