दप्तरदार

दप्तरदार हे त्याचं आडनाव नव्हे, हुद्दा आहे. दहावीच्या प्रत्येक बॅचमध्ये असा एक जण असतोच. बाकीचे सगळे शाळा सोडून जातात. हा फक्त शाळा सोडल्याचा दाखला घेतो. आपण नोकरदार होतो, जावई होतो, मधुमेही होतो, आणि एक दिवस एसटी स्टँडवर पाठीत थाप बसते. "काय रे, एकोणतीस!" एकोणतीस हा आपला हजेरीपटावरचा नंबर असतो. थापेमागचा चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव ओठावर येत नाही. त्याला मात्र आपलं नाव, वडिलांचं नाव, आपल्या सायकलचा रंग आणि त्या सायकलची चेन सहामाहीच्या कुठल्या पेपराला पडली होती, हे सगळं तोंडपाठ असतं.

आमची बॅच 1996 ची. आमचा दप्तरदार तालुक्याच्या गावीच राहिला. शाळेच्या रस्त्यावर त्याचं झेरॉक्स आणि वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. शाळेची घंटा दुकानात ऐकू येते. मधल्या सुट्टीची घंटा झाली की हा आजही डबा उघडतो. दुकानात गिऱ्हाईक असलं तरी उघडतो.

बोर्डाच्या इतिहासाच्या पुस्तकात घटना देशात घडत. दप्तरदाराच्या इतिहासात त्या आमच्या वर्गात घडतात. 1994 साली सुरतेत प्लेग आला, हे जगाला माहीत आहे. पण त्यामुळे अख्खी नववी नाकातोंडाला रुमाल बांधून बसली, कोण बोलतंय ते सरांना कळेना, आणि वर्ग त्या आठवड्याइतका मोकळेपणाने पुन्हा कधीच बोलला नाही, ही नोंद फक्त याच्याकडे आहे. 21 सप्टेंबर 1995 ला देशभर गणपती दूध प्यायले. आमच्याकडे मधल्या सुट्टीनंतर निम्मा वर्ग देवळाच्या रांगेत होता. उरलेल्या निम्म्या वर्गाला विज्ञानाच्या सरांनी पृष्ठताण समजावून सांगितला, आणि तास संपल्यावर तेही रांगेत दिसले. "आणि तू," दप्तरदार माझ्याकडे बोट करतो, "तू घरून तांब्याभर दूध आणलंस. चमचाभर गणपतीला दाखवलंस आणि बाकीचं देवळामागे बसून स्वतः प्यायलास." मला यातलं काहीही आठवत नाही. पण नाकारायची सोय नाही. साक्षीदार विचारला तर तो दोन नावं सांगतो, आणि त्यांनाही त्यातलं काही आठवत नसतं. अशा वेळी त्याचंच खरं धरावं लागतं.

मार्च 1996 म्हणजे आमची बोर्डाची परीक्षा आणि वर्ल्डकप एकाच तव्यावर. 13 मार्चला कोलकात्यात श्रीलंकेविरुद्धची उपांत्य लढत. सचिन 65 वर यष्टिचीत झाला तेव्हा फळ्यावर 98 होते. बघता बघता 8 बाद 120. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, सामना श्रीलंकेला बहाल झाला, कांबळी रडत मैदानाबाहेर आला. सगळ्या भारताला कांबळी आठवतो. दप्तरदाराला मी आठवतो. "तुझ्या वडिलांनी टीव्हीची वायर काढून कपाटात ठेवली होती. तू आमच्या खिडकीच्या गजाला धरून बाहेर उभा. हातात एकवीस अपेक्षित प्रश्नसंच. कांबळीच्या आधी तू रडलास."

मुलींच्या बाबतीत तर तो सरकारी कार्यालयच. लग्नानंतर त्यांची आडनावं बदलली, काहींची सासरच्यांनी नावंही बदलली. ग्रुपवर कुणी शुभेच्छा टाकल्या की आम्ही सगळे त्याला खासगीत विचारतो, "ही कोण रे?" तो लगेच माहेरचं नाव, बाक आणि वेणीची रिबीन सांगतो. एकीचे यजमान एकदा म्हणाले, "हिच्या माहेरच्या आडनावाने आता हिचा भाऊ आणि हे दोघंच हाक मारतात."

त्याच्या वहीत आमची टोपणनावंही जिवंत आहेत. आज पोलीस खात्यात असलेला आमचा एक मित्र दौऱ्यावर गावात आला. मागेपुढे शिपाई, लोक नमस्कार करतायत, रस्ता मोकळा होतोय. आणि झेरॉक्सच्या दुकानातून आवाज आला, "ए ढेकळ्या!" साहेबांनी गाडी थांबवली. दुकानात शिरले. शिपायांना वाटलं, आता याचं काही खरं नाही. दहा मिनिटांनी साहेब बाहेर आले ते खिशात चिंचेच्या गोळ्या भरून.

आमच्या बॅचला पंचवीस वर्षं झाली ती 2021 मध्ये, म्हणजे लॉकडाउनच्या धबडग्यात. रौप्यमहोत्सवी मेळावा त्यामुळे सव्विसाव्या वर्षी झाला. संयोजन अर्थातच त्याच्याकडे. सगळ्या बाबतीत तो आमचं ऐकत होता. एका फ्लेक्सवरून मात्र अडून बसला. आम्ही मजकूर दिला होता, "दहावी, मार्च 1996." तो म्हणाला, "मार्च काढा." का, तर म्हणे अक्षरांची गर्दी होते. ज्या फ्लेक्सवर एक्केचाळीस चेहरे, सरस्वती, शाळेची इमारत, दोन मोर आणि कारण नसताना एक विमान होतं, त्यावर 'मार्च' या दोन अक्षरांची गर्दी होत होती! पण आम्ही वाद घातला नाही. मार्च गेला, विमान राहिलं.

मेळाव्यात प्रथम हजेरी झाली. कागद न घेता, एक ते चोपन्न. जे या जगात नाहीत, त्यांच्या नंबराला तो थोडा थांबला आणि स्वतःच "हजर" म्हणाला. मग भाषणं. माणूस मोठा झाला की त्याला पूर्वी खाल्लेल्या माराचाही सोस होतो. पोलीस खात्यातला मित्र गहिवरून म्हणाला, "सर, तुम्ही त्या दिवशी गृहपाठावरून जी छडी मारलीत, त्या छडीने मला घडवलं." निवृत्त सर शाल सावरत अवघडले, त्यांनी किती जणांना घडवलं होतं याचा त्यांना आता अंदाज उरला नव्हता. दप्तरदार माझ्या कानाशी लागला. "हा त्या दिवशी गैरहजर होता. मावशीच्या लग्नाला गेलेला. ती छडी माझी होती."

"मग सांग की उठून."

"राहू दे. त्याला उपयोग झालाय."

जेवायला बसलो आणि विषय निकालावर आला. दप्तरदाराने एकेकाचे टक्के सांगायला सुरुवात केली. पहिली कोण आली, तिच्याकडचे पेढे कंदी होते की मलईचे, कुणाला भूमितीत जास्त आणि बीजगणितात काठावर. बायकामुलं कौतुकाने ऐकत होती. आता, आमच्या वर्गातले नऊ जण त्या जूनमध्ये नापास झाले होते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण दप्तरदाराच्या दप्तरात एकही नापास नाही. त्यांच्यापैकी कुणाची पोरं "आमच्या बाबांना किती?" म्हणून विचारायला आली की तो गंभीर चेहरा करून म्हणतो, "त्याचा निकाल बोर्डाने राखून ठेवला होता." पोरांना वाटतं, बाबा म्हणजे काहीतरी मोठं प्रकरण आहे.

एवढ्यात मुलांनी वर्गाच्या जुन्या फोटोचा हट्ट धरला. तो फोटो त्याच्याचकडे असणार, हे ठरलेलंच. फेब्रुवारीत काढलेल्या त्या फोटोच्या प्रती शाळेत आल्या जुलैत. तोवर आम्ही अकरावीच्या प्रवेशासाठी पुण्या-सांगलीला पांगलो होतो. हा रोज शाळेच्या आवारात दिसायचा, म्हणून कारकुनांनी सगळ्या प्रती याच्याच हवाली केल्या. त्याने त्या सव्वीस वर्षं सांभाळल्या आणि एकेकाला गाठून दिल्या. दप्तर सुरू झालं ते तिथून. जुलैत हा रोज शाळेत काय करत होता, हे आम्ही त्याला कधी विचारलं नव्हतं.

तो वाढण्यात गुंतला होता. मला म्हणाला, "एकोणतीस, दुकानातून फाइल आण. निळी." मी गेलो. फाइल उघडली. हस्तलिखिताची पानं, वक्तृत्व स्पर्धेची प्रशस्तिपत्रं, आम्ही एकमेकांना लिहिलेल्या चिठ्ठ्या, त्यातल्या न पोचलेल्यासुद्धा. फोटो शोधताना मधेच एक गुणपत्रिका हाताला लागली. नाव त्याचं. वर परीक्षेचा महिना: ऑक्टोबर 1996.

मी ती होती तशी आत सरकवली. बाहेर शाळेच्या फाटकावर फ्लेक्स वाऱ्याने फडफडत होता. सरस्वती, दोन मोर, विमान. मार्च नव्हता.

परत आलो तेव्हा पंगत रंगात आली होती. कुणाचा तरी मुलगा सगळ्यांना विचारत होता, "सगळ्यांचे मार्क सांगितले, पण या काकांना किती होते?" पंगत थबकली. सगळे त्याच्याकडे बघू लागले आणि त्याच्या ध्यानात आलं की या प्रश्नाची नोंद आपण कुठेच केलेली नाही. हातातली जिलबीची परात तशीच राहिली.

"त्यांचा निकाल," मी म्हणालो, "बोर्डाने राखून ठेवला होता."

मुलगा खूष होऊन पळाला. दप्तरदार क्षणभर माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या निळ्या फाइलकडे बघत राहिला. नंतर काही न बोलता माझ्या पानात एक जिलबी वाढली. आणि मधुमेह ठाऊक असूनही, आणखी एक.