काही जाणवलं का?

प्रत्येक सोसायटीत एक राउटरकाका असतात. आमचे बी विंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. टेलिफोन खात्यातून ते निवृत्त झाले. खातं मात्र त्यांच्यातून अजून निवृत्त व्हायचंय.

तुम्ही-आम्ही नेटची कंपनी बदलतो म्हणजे जुन्याला "बंद करा" म्हणतो, नवा "उद्या माणूस पाठवतो" म्हणतो, आणि तो माणूस उगवेपर्यंत घरदार एका मोबाईलच्या हॉटस्पॉटभोवती कोंडाळं करून बसतं. काकांच्या लेखी हा निव्वळ अडाणीपणा. "नव्या लाईनने एक पावसाळा काढल्याशिवाय जुनीला हात लावायचा नाही," हे ते लिफ्टमध्ये ऐकवतात, जिन्यात ऐकवतात, एकदा कुणाच्या तेराव्यालाही ऐकवून आले.

त्यांनी स्वतः कंपनी बदलली दिवाळीनंतर. तयारी गणपतीतच सुरू झाली होती. दोन लाईनी घेणारा राउटर आला. वीजबिलाच्या पाठीवर आकृती निघाली. "हसू नका. जगभरच्या कंपन्या एकमेकींना रस्ते सांगतात तो बीजीपी १९८९ साली दोघांनी जेवता जेवता नॅपकिनवर काढलाय!" नॅपकिनची हकिकत खरी आहे. काकांच्या बिलावर मात्र काकूंचा दुधाचा हिशेबही होता आणि मुख्य बाण त्यातून आरपार गेला होता.

पहिलीच अडचण अशी, की जुन्या कंपनीचा डबा स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवायचा आणि नव्या कंपनीचाही तेच. दोन्ही जावांचं नाव एकच असलं तर हाक मारायची कुणाला? काकांनी रीतीप्रमाणे नवीचं नाव बदललं. १९२.१६८.२.१.

मग एकेक यंत्र नव्या लाईनवर. सरसकट नाही, कारण लाईन बदलली की बाहेर दिसणारा पत्ता बदलतो, आणि चालू असलेला कॉल किंवा ऑफिसचा व्हीपीएन तिथेच तुटतो. म्हणून आधी नातवाचा टॅब, भर दुपारी, त्याला न विचारता. मग काकूंचा टीव्ही, मालिका संपल्यावर. सूनबाईंचा ऑफिसचा लॅपटॉप सगळ्यात शेवटी, रविवारी, त्या भाजीला गेल्यावर. घरात कुणाला किती घाबरावं याची इतकी अचूक यादी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

शिवाय राउटर दर पाच सेकंदांनी बाहेरच्या इंटरनेटवरच्या ८.८.८.८ या पत्त्याला "आहेस का?" विचारणार. तीनदा उत्तर नाही आलं की सगळी रहदारी जुन्या लाईनवर. "नुसत्या डब्याला विचारून उपयोग नाही. तो घरातच, तो 'आहे' म्हणणारच. विचारावं वेशीबाहेरच्याला."

बदल झाला. कुणाचं काही अडलं नाही. आणि इथेच काकांचा घात झाला.

"काही जाणवलं का?" त्यांनी सूनबाईंना विचारलं.

"काय?"

"काहीच नाही ना? तेच!"

"बाबा, बीपीची गोळी घेतलीत ना?"

नातवाला विचारून झालं, कामाच्या मावशींना विचारून झालं, मलाही विचारलं. ज्याचं नेट आठवडाभर जातं त्याची चौकशी अख्खी सोसायटी करते. ज्याचं गेलंच नाही त्याला कोण विचारतो?

संक्रांतीनंतर त्यांचा धीर सुटला. आम्ही तिळगुळाला गेलो होतो, काकूंची मालिका ऐन रंगात होती, आणि काकांनी सगळ्यांदेखत नव्या डब्याची फायबरची वायर उपसली. डब्यावर लाल दिवा. टीव्हीवर गोल फिरलं, फिरलं, आणि सासू पुन्हा बोलू लागली.

"बघितलंत?" काका.

काकूंनी पहिल्यांदाच टीव्हीवरून नजर काढली. "वायर काढली तरी चालू? म्हणजे जुनी लाईन अजून बंद नाही केली?"

"अगं, एक पावसाळा..."

"पावसाळा? आत्ता जानेवारी आहे! तोवर दोन-दोन बिलं भरायची?"

राउटरला दुसरी वाट धरायला पंधरा सेकंद लागले होते. काकांनी त्याच्या निम्म्यात बाल्कनी गाठली.