घरोघरी जनरल मॅनेजर

टोरोंटोच्या मेपल लीफ्स या आइस हॉकी संघाला खेळाडूंची देवघेव ठरवणारा पगारी जनरल मॅनेजर एकच असतो. बिनपगारी किती, याची शिरगणती कॅनडा सरकारलाही जमायची नाही. ते सगळ्यात जास्त आढळतात टिम हॉर्टन्सच्या दुकानांत. ज्याच्या नावाने ही कॉफी खपते तो टिम हॉर्टन स्वतः लीफ्सचा बचावपटू. 1967 साली संघाने शेवटचा स्टॅनली कप उचलला तेव्हा तो मैदानात होता. त्यानंतर तिथे कप मिळतो तो कॉफीचाच.

असा बिनपगारी मॅनेजर पाठमोराही ओळखू येतो. लीफ्सच्या निळ्या जर्सीवर मार्नर या खेळाडूचं नाव. मार्नर 2025च्या उन्हाळ्यात व्हेगसच्या संघात गेला, पण एवढी महागाची जर्सी टाकवत नाही. म्हणून नावावर काळी चिकटपट्टी मारलेली. कडेने एक अक्षर अजून डोकावतंय.

बसल्याबसल्या तो कागदी नॅपकिन ओढतो आणि हिशेब मांडतो. 2025-26ची संघाची पगारमर्यादा 95.5 दशलक्ष डॉलर. मॅथ्यूजला 13.25, नायलँडरला 11.50. म्हणजे दोघांनीच चौथाई वसूल केली! मग उरलेल्या पैशांत बचाव उभा करायचा. उपाय तयार असतो: "आपला तिसऱ्या फळीतला एक द्यायचा, वर नवे खेळाडू निवडायच्या ड्राफ्टमधला दुसऱ्या फेरीचा एक पिक. बदल्यात त्यांचा पहिल्या जोडीतला बचावपटू."

"ते का देतील?"

"देतील! त्यांना पगार हलका करायचाय. शिवाय त्याचा अर्धा पगार त्यांनीच भरायचा. नियमात बसतं."

बसतं खरंच. पण एकूण थाट हुंडा घेऊन वर मानपानही मागणाऱ्या वरपक्षाचा. समोरचा संघ अडलेला, आणि अंमळ मंदबुद्धी, हे त्याने धरूनच चाललेलं असतं.

इतिहास नेमका उलटा आहे. 2006 साली लीफ्सने टूका रास्क नावाचा तरुण गोलरक्षक बोस्टनला देऊन रेक्रॉफ्ट आणला. 2009 साली पुन्हा बोस्टनलाच पहिल्या फेरीचे दोन आणि दुसऱ्या फेरीचा एक पिक देऊन केसेल आणला. त्यातल्या एका पिकावर बोस्टनने सेगिन घेतला. 2013 साली बोस्टनविरुद्धच्या मालिकेत सातव्या सामन्यात लीफ्स शेवटच्या सत्रात 4-1 ने पुढे होते, आणि जादा वेळेत 5-4 ने हरले. बोस्टनच्या गोलात रास्क, संघात सेगिन. पुढच्या वर्षी सर्वोत्तम गोलरक्षकाची व्हेझिना ट्रॉफीही रास्कनेच नेली. हा विषय निघाला की आपला माणूस कॉफी बाजूला ठेवून म्हणतो, "मी तेव्हाच सांगितलं होतं." तेव्हा तो आठवीत असला तरी!

हे लोण आपल्याही माणसांत पोचलंय. टोरोंटोशेजारच्या मिसिसागातले एक काका गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटता वाटता लीफ्सच्या मॉर्गन रीलीला विकून मोकळे झाले. काकू म्हणाल्या, "अहो, त्याच्या संमतीशिवाय त्याला हलवता येत नाही ना? करारात कलम आहे, परवा तुम्हीच सांगत होतात."

"संमती काय, देईल तो."

"मला पुण्याहून इकडे आणलंत तेव्हाही असंच म्हणाला होतात."

पुढचा मोदक काकांनी मुकाट्याने वाटला.

मार्चच्या सुरुवातीला खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते, त्या दिवशी या मंडळींना ताप भरतो. निदान ऑफिसात तसं कळवलेलं असतं. टीव्हीवर सकाळपासून तज्ज्ञ मोबाइलकडे बघत बसलेले, आणि हे तज्ज्ञांकडे. दुपारी तीनला मुदत टळते. आलेला खेळाडू म्हातारा आणि गेलेला पिक सोन्यासारखा, असा निकाल चार वाजेपर्यंत लागतो. हाच खेळाडू आणा म्हणून महिनाभर कोण ओरडत होतं, हे विचारायची सोय नाही.

टोरोंटोला गेलात आणि शेजारच्या टेबलावर अशी चिकटपट्टीवाली जर्सी दिसली, तर खुशाल थंडीवर बोला, घरांच्या किमतींवर बोला. त्याने नॅपकिन ओढला की मात्र आपली कॉफी घ्या आणि बाहेर पडा.